आप्पांनी पारखलेले टायर

आमच्या घरात चार पायांची कुठलीही वस्तू आप्पांच्या नजरेखालून गेल्याशिवाय यायची नाही. बैल, म्हैस, शेळी यांचं तर सोडाच, माजघरातली खाटसुद्धा त्यांनी सुताराकडं जाऊन, चारही पाय दाबून, वाकून पोटाखालून बघून मगच पसंत केली होती. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, घराचे कर्ते. कृष्णाकाठच्या आमच्या काळ्या रानात ऊस होता, मळ्यात गुऱ्हाळ होतं, आणि पाण्याला तोटा नव्हता. पण बैल मात्र आप्पा माणदेशातलेच आणायचे. तिकडच्या खिलाराचा खूर दगडावर घासून घट्ट झालेला असतो, असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी ते जत्रेला जायचे आणि खोंडांची जोडी घेऊन यायचे. अशाच एका खेपेला ज्याच्या दारात सौदा चालला होता त्याच्या मुलीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि आप्पांनी खोंडांबरोबर धाकट्या भावासाठी तिलाही मागणी घातली. ती माझी आई. "आप्पांनी एका खेपेत तीन नग आणले," असं थोरली काकी हसत हसत पाहुण्यांना सांगायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ती खोंडं कवाच गेली. मी हाय अजून."

आईनं आप्पांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. ते ओसरीवर आले की हिचा पदर कपाळावर यायचा आणि आवाज दाराआड जायचा. पण बोलणं काही थांबायचं नाही. "थोरल्या भावजींना म्हणावं, आमटी गार होतीया," असं ती मला सांगायची, आणि आप्पा हाताच्या अंतरावर बसलेले असूनही मी ते परत ऐकवल्याशिवाय ते पाटावर येत नसत. मग ते म्हणायचे, "म्हणावं, आलो." मीच हजर नसेन तर आई खांबाला सांगायची. खांबाला सांगितलेलंही आप्पांना पोचायचं. माझ्या नातीला परवा हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तू मोबाईलचा टॉवर होतास. होतोच.

या घरात फटफटी आली ती माझ्या वडिलांमुळं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते फौजेत ड्रायव्हर होते. एका सुट्टीत त्यांनी लष्करानं विकायला काढलेली जुनी मोटारसायकल आणली. वरचा काळा रंग जिथं खरवडला जाई तिथून खालचा लष्करी हिरवा डोकवायचा. सुट्टी संपून निघताना चावी माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "आईला म्हायारी नेत जा. एवढंच काम हाय तुला." खरंच एवढंच काम होतं. आईचं माहेर दहिवडीच्या पलीकडं. एसटीनं जायचं तर विट्याला उतरा, मायणीला उतरा, पुढं मिळेल ते वाहन आणि मग पायपीट. गेलेलं माणूस त्या दिवशी परत येणं शक्य नाही. आणि घरातली जेवणारी तोंडं नि गोठ्यातल्या धारा टाकून आईला मुक्कामाला कोण सोडणार? ती माहेरी जायची ती लग्नाला नाहीतर मयताला. तिची आई गेली तेव्हा ही पोचली ती सगळं आटोपल्यावर. राख सावडायला गेलेली माणसं परत येताना हिला वेशीतच भेटली. त्यानंतर माहेरात भावाच्या संसारात वडील उरले होते, थकलेले, आणि आईच्या मनात एकच गोष्ट होती: ते आहेत तोवर त्यांना अधूनमधून बघता यावं.

मला मात्र त्या वयात फटफटीचं दुसरंच काम दिसत होतं. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर थोडक्यात हुकला होता आणि मी सांगलीला बी.एस्सी. करत होतो, पण थोडक्यात हुकल्यामुळं मी स्वतःला जवळजवळ इंजिनिअर समजत असे. डोळ्यांवर काळा गॉगल, मागच्या खिशात कंगवा, आणि मिरजेच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं विलायती मोटारसायकलींचं एक मासिक उशाशी. त्यातली इंग्रजी मला निम्मी कळायची आणि उरलेली निम्मी मी लोकांना समजावून सांगायचो. आरशात बघितल्याशिवाय मी गाडी चालू करत नसे, आणि चालू केल्यावरही बघणं थांबवत नसे. सकाळी आंघोळीआधी मी तिच्या टाकीला तेलाचं बोट फिरवायचो. काकी म्हणायची, "म्हशीला कवा इतकं चोळलं असतंस तर दोन शेर जास्ती दिलं असतं तिनं."

त्या साली गुऱ्हाळ सुरू झालं आणि आईच्या भाच्याचं जावळ निघालं. आईनं ताजी काकवी किटलीत भरली, तोंडाला फडकं बांधलं, आणि आम्ही पहाटे निघालो. मागचा टायर गोटा झालेला होता. नक्षीचा मागमूस नाही, हात फिरवला तर गुळगुळीत. ते मला माहीत होतं. पण असल्या बारीकसारीक गोष्टी गाडीला लागतात, चालवणाऱ्याला नाही, अशी माझी समजूत. मायणीच्या पुढं रस्ता मुरमाड झाला. एका वळणावर समोरून एसटी आली. खिडकीत दोन मुली बसल्या होत्या, आणि माझ्या कपाळावर एक बट आली होती. मी एक हात सोडून ती बट सावरली. बट जागेवर गेली, बाकी काहीच राहिलं नाही. मागचं चाक मुरमावरून सरकलं, आई एका अंगाला, मी दुसऱ्या अंगाला, आणि किटली नेमकी माझ्या डोक्यावर. त्या मुलींनी मला बघितलं की नाही याची शंका मला बरीच वर्षं होती. आता वाटतं, गॉगलमधून काकवी गळणारा माणूस बघायचा राहून जात नाही.

आईचं कोपर सोलवटलं होतं, बाकी देवाची कृपा. कारखान्यावर निघालेल्या ऊसतोडणीच्या टोळीचा एक ट्रक त्याच रस्त्यानं खाली येत होता. त्यांनी फटफटी वर चढवली, आम्हालाही घेतलं. बायकांनी आईच्या कोपराला हळद लावली आणि त्यांच्या पोरांनी किटलीत बोटं घालून उरलेली काकवी चाटून साफ केली. किटलीतली संपल्यावर ती माझ्याकडं बघायला लागली. माशा तर आधीपासूनच माझ्यावर होत्या. आई सगळ्या वाटेत मागं सरणाऱ्या रस्त्याकडं, माहेराच्या दिशेला तोंड करून बसली होती.

आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "घसरलं?" म्हणाले. मी मासिकातल्या माहितीवरून चाकाचं घर्षण आणि वळणाचा कोन समजावायला लागलो. ते म्हणाले, "बैल बसला तर गाडीवान शास्तर सांगत न्हाई. फटफटी परड्यात हुभी ऱ्हाईल. बाईमाणसानं तिच्यावर बसायचं न्हाई. भाऊ सुट्टीवर आला की इकून टाकंल." संपलं. कर्त्याचा शब्द. मी परड्यात जाऊन गाडीला टेकून रडलो, आणि मान्य करायला हवं की ते रडणं आईच्या माहेरासाठी नव्हतं.

दोन दिवस गेले. मग एका संध्याकाळी पंगत बसली. त्या दिवशी तिनं माणदेशी पद्धतीचं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं होतं, जे आमच्या उसाच्या घरात एरवी कुणी तोंडात घेत नसे, पण आप्पांना जत्रांमुळं त्याची गोडी लागलेली होती. त्यांची दुसरी वाटी अर्ध्यावर आली तेव्हा दाराआडून आवाज आला. "बाळू, थोरल्या भावजींना म्हणावं, पोराला जनावरातलं कळत न्हाई, मग चाकातलं काय कळणार?" मी हे पोचवलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी असतं तर पोचवलं नसतं. आप्पा म्हणाले, "म्हणावं, खरं हाय." आवाज पुढं म्हणाला, "म्हणावं, मला त्या गाडीचं लय भ्या वाटतंय. पर त्यांच्या डोळ्याखालनं गेलेली टायरं असली तर वाटणार न्हाई. त्यांनी पारखल्यालं जनावर कवा बसलंय व्हय?" आप्पांचा घास हातात राहिला. त्यांनी ओसरीवरच्या सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं, कुणी ऐकायचं राहिलं नाही ना म्हणून. मग माडगं संपवलं, हात धुतला आणि मला म्हणाले, "सांगलीला कंच्या वारी बाजार असतुय टायरांचा?"

टायरांचा बाजार नसतो, दुकान असतं आणि ते रोज उघडं असतं, हे मी सांगितलं ते त्यांना फारसं पटलं नाही. जत्रेला जाताना घालत तो कोट त्यांनी घातला, नवा फेटा बांधला, खांद्यावर उपरणं टाकलं. मापाला म्हणून जुना गोटा टायर मला बरोबर घ्यावा लागला. तो हातात मावेना म्हणून मी तो गळ्यात अडकवला. सांगलीच्या पेठेतून पुढं आप्पा, मागं गळ्यात टायर घातलेला मी, असे आम्ही चाललो. ज्या रस्त्यानं मी गॉगल लावून, उगीचच दोनदा हॉर्न वाजवत जायचो तोच हा रस्ता. त्या दिवशी कॉलेजातलं झाडून सगळं माणूस रस्त्यावर होतं.

दुकान एका जैन व्यापाऱ्याचं होतं. गल्ल्यावर मुलगा आणि मागं गादीवर लोडाला टेकून त्याचे वडील, जपाची माळ ओढत बसलेले. मी पुढं होऊन, आप्पांना ऐकू जाईल असं, म्हणालो, "पुढं सरळ रेघांचा टायर द्या आणि मागं गुटख्यांचा." गुटखे म्हणजे रबराचे उठावाचे ठोकळे, हे मासिकात होतं. मुलगा म्हणाला, "बरोबर हाय, तसंच घालतेत." माझी छाती फुगली आणि आप्पांनी ती लगेच बसवली. "म्हंजी एक एका जातीचं आनि दुसरं दुसऱ्या? जोडी हाय का पांजरपोळ? जू ठिवलं की गाडी वड्यात जाईल." मी म्हणालो, "आप्पा, टायर शेजारी शेजारी नसतात. एकामागं एक असतात." आप्पांनी यावर बराच विचार केला. इतका की मला वाटलं, आपण जिंकलो. मग म्हणाले, "व्हय की. म्हंजी मागला पुढच्याचं बघून चालणार. मग तर एकाच जातीचं पायजेत." दुकानदाराच्या मुलानं माझ्याकडं बघितलं. याचं उत्तर मी आजही शोधतोय.

त्यानंतर त्यांनी दुकानातले गुटख्यांचे सगळे टायर खाली काढायला लावले. अंगठ्यानं दाबले, कडेला नख लावलं, वास घेतला. गुटख्यांच्या मधे बोट घालून म्हणाले, "दात भरल्यात." एकेक जमिनीवर आपटून आवाज ऐकला. शेवटी दोन निवडून बाजूला काढले आणि दुकानदाराला म्हणाले, "आता चालवून दाखवा." मुलगा म्हणाला, "चालवून म्हंजे?" "म्हंजी चाल बघायची. न चालवता कुनी जनावर घेतंय व्हय?" पेठेला तिथं जरासा उतार आहे. आप्पांनी स्वतः दोन्ही टायर रस्त्यावर उभे केले, दोहोंच्या पाठीवर एकदम थाप मारली आणि सोडले. ते खरोखर जोडीनं निघाले. लोक बाजूला झाले. आप्पा कमरेवर हात ठेवून मागून बघत होते आणि एकदा "वा!" म्हणाले. मग डावा टायर एका खड्ड्यात उडाला, वळला, आणि सरळ रसाच्या दुकानात शिरला. मी गळ्यातल्या टायरासकट धावलो. आत बाकाखाली तो आडवा पडला होता आणि बाकावर रसाचा पेला हातात धरून आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बसले होते, ज्यांच्या तासाला मी कधी फारसा जात नसे. त्यांनी माझ्या गळ्यातल्या टायराकडं बघितलं, पायाशी आलेल्या टायराकडं बघितलं, आणि म्हणाले, "घर्षण शिकवलं त्या दिवशी आला नव्हतास वाटतं." वर्गात हे दोन वर्षं टिकलं.

मी टायर घेऊन परत आलो तेव्हा आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर पसरलं होतं. जत्रेत जनावराचा भाव तोंडानं करत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून, दाबून करतात, म्हणजे भोवतीच्या चारजणांना कळत नाही. दुकानदाराचा मुलगा म्हणत होता, "पाटील, भाव कंपनीनं छापलेला असतोय हो." आप्पा म्हणत होते, "छापल्याला लोकास्नी. तुमी हात द्या." एवढ्यात गादीवरच्या म्हाताऱ्या शेठजींनी माळ खाली ठेवली. आयुष्यभर त्यांनी सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे केले होते आणि तेही असेच कापडाखाली. पोरानं टायरांचं दुकान काढल्यापासून त्यांचा हात कुणी धरला नव्हता. ते उठून आले आणि उपरण्याखाली त्यांनी हात घातला. दोन म्हातारे, दोघांचेही चेहरे कोरे, आणि मधे ते कापड हलतंय. पुष्कळ वेळानं दोघांच्याही तोंडावर समाधान आलं. "झालं," आप्पा म्हणाले. "झालं," शेठजी म्हणाले. "किती?" मुलानं विचारलं. दोघांनी एकाच दमात आकडे सांगितले. आप्पांच्या आकड्यात नुसती ट्यूब आली असती. शेठजींचा ऐकून त्यांचा मुलगासुद्धा लाजला. आणि मग शेठजी असे हसत सुटले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "पाटील, तुमची बोटं बैलाची, माझी हळदीची. मेळ कसा बसणार?" शेवटी छापलेल्या भावातच घेतले, वर चहा आणि पंक्चर काढायच्या सामानाची एक डबी. पण आप्पा एसटीत बसल्यावरही खूश होते. "माणूस जाणता हाय," म्हणाले. त्या दोघांइतकी गोडीची खरेदी मी पुढं कुठं बघितली नाही. आता मुलाच्या गाडीला टायर घालायला जातो तिथं एक पोरगा मापाचा आकडा विचारतो आणि पावती हातात देतो, बसायला खुर्चीसुद्धा नसते.

टायर बसवले. काकीनं दोन्हींना हळदकुंकू लावून वरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आप्पांनी मला गाडी पांदीतून एकदा फिरवून आणायला सांगितली आणि स्वतः मागून चालत, वाकून, ओल्या मातीतला ठसा बघत आले. दोन्ही चाकांचा ठसा एकसारखा उमटला होता. त्यांनी फेटा सारखा केला आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "म्हणावं, जाऊन यावा. कवाबी."

पुढच्याच आठवड्यात आम्ही निघालो. मी या खेपेला कंगवा घरी ठेवला होता, पण तोंड मात्र ठेवलं नव्हतं. विट्यापर्यंत मी आईला समजावत होतो की आप्पांचं कसं चुकलं, पुढं रेघांचाच टायर हवा होता, विलायतेत कसं असतं, बैलाचं शास्त्र चाकाला कसं लागू पडत नाही, आणि तुला तरी आप्पांच्या नजरेवर इतका भरवसा कुठून आला, तू मला का नाही विचारलंस. ती मागं घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, भ्यालीय. मायणी मागं पडल्यावर, उताराला इंजिनाचा आवाज कमी झाला तेव्हा ती म्हणाली, "आरं येड्या, टायरातलं त्यांना काय कळतंय, तुला काय कळतंय, आनि मला तरी काय कळतंय?"

"मग?"

"मग काय? तू आणली असतीस टायरं, तर गाडी तुझी. तू पडलास की बंद. आता टायरं त्यांनी आणल्यात. समद्या गावाला सांगत फिरत्यात, मी पारखल्यात म्हणून. आता ह्या गाडीवर बसून म्हायारी जाऊ नगं, असं कुठल्या तोंडानं म्हणतील?"

तेवढा रस्ता मी आयुष्यात पहिल्यांदा नुसता रस्त्याकडं बघत गाडी चालवली. घर्षण, कोन, गुटखे, रेघा, इतके दिवस मी जे जे बोललो ते सगळं मला आठवत होतं. तिनं आमच्या दोघांची बोटं दाबून सौदा केला होता आणि आम्हाला कापडसुद्धा दिसलं नव्हतं. राग यायला हवा होता. पण मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि गॉगल असल्याचा मला तेवढा एकदाच उपयोग झाला.

वस्ती दिसायला लागली. मेंढरांचा वाडगा, बोरीची झाडं, आणि पुढं घर. दारात घोंगडीवर आजोबा बसले होते. आवाज कसला येतोय ते त्यांना कळेना. त्यांनी कपाळाशी आडवा हात धरला. "हळू घे," आई म्हणाली, आणि मी गाडी थांबवायच्या आत खाली उतरली आणि पळत सुटली. माझी आई पळू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, मग वाऱ्यावर गेला, तिनं तो धरला नाही. "तात्या, मी आले वो!" ती लांबूनच ओरडत होती, आणि म्हातारा जागचा उठायची धडपड करत विचारत होता, "कोन मेलं? कोन मेलं गं?" ती पळता पळता हसत आणि रडत सांगत होती, "कुनी न्हाई तात्या, कुनी न्हाई! अशीच आले!"